मोरीपासून हूडपर्यंत : सामायिक किचनवाल्यांची पत्रं

या खेपेला सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत : तासांच्या हिशोबाने भाड्याने मिळणारी किचन्स. पुण्या-मुंबईत, आणि आता नाशिक-कोल्हापुरातही, डबेवाल्या, केकवाल्या आणि बिर्याणीवाले एकाच ओट्यावर पाळीपाळीने स्वयंपाक करतात. भांडणं चवीवरून होत नाहीत, खरकट्यावरून होतात. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : मी हॉटेलात किचन स्टुअर्डिंगला होते. शेफ टोपी काढून घरी गेला की मागे जे उरतं ते आमच्या खात्याचं. आता पुण्यात रात्रपाळीला किचन्स धुणारी माझी लहानशी टोळी आहे.

प्रश्न : ताई, मी बाणेरला पहाटे पाच ते दहा एक किचन घेते. पोळी-भाजीचे डबे करते. माझ्या आधी रात्रभर बिर्याणीवाले असतात. ओटा पुसलेला दिसतो, पण हात फिरवला की चिकट लागतो. मालक दर महिन्याला ‘क्लीनिंग चार्जेस’ घेतो आणि वर म्हणतो, तुम्ही आपसात मिटवा. नक्की कोणी धुवायचं?
– एक डबेवाली, बाणेर

उत्तर : ‘आपसात मिटवा’ म्हणणारा मालक भाडं मात्र आपसात मिटवू देत नाही, बघा. तुमच्या किचनचं दुखणं बिर्याणीवाल्यांच्या आळसात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. पाचला त्यांची वेळ संपते आणि पाचलाच तुमची सुरू होते. मालकाने अख्खा दिवस विकून टाकलाय, धुण्याला वेळच ठेवलेला नाही. शेवटची ऑर्डर काढून दमलेला पोरगा फडकं ओलं करतो, ओटा पुसतो, तेच फडकं फ्रिजच्या हँडलवरून फिरवतो आणि स्कूटर काढतो. एका जागचं तूप चार जागी पोचलं. म्हणून पहिली मागणी ही करा : दोन पाळ्यांच्या मधला अर्धा तास कोणालाही विकायचा नाही. मालक कुरकुरेल. त्या अर्ध्या तासाचं भाडं दोघांत वाटून घ्यायची तयारी ठेवा. पहाटे तुम्ही एकटीने घासत बसता त्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आता वाटणी. ओटा, शेगडी, सिंक, पायाखालची लादी आणि वापरलेली सामायिक भांडी जाणाऱ्याने धुवायची, यात वाद नको. हूड (शेगडीवरचं धूर ओढणारं छत्र), डक्ट (तो धूर बाहेर नेणारा मोठा पाइप), ड्रेन, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी), पाण्याची टाकी, पेस्ट कंट्रोल हे मालकाचं काम. तुम्ही चार्जेस भरता ते यासाठीच, आणि ते कधी झालं याची तारीख भिंतीवर लिहिलेली हवी. हूडबद्दल मालक ‘करू की’ म्हणत राहील, तर त्याच्यापुढे एक माप ठेवा. अमेरिकेत डक्टच्या आगींसाठी एनएफपीए 96 नावाचं मानक वापरतात. त्यात कोळशाच्या भट्टीचा डक्ट दर महिन्याला आणि जोरात चालणाऱ्या किंवा चोवीस तासांच्या किचनचा दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितलाय. तुमचं किचन चोवीस तासांतलंच. डक्टमध्ये साठलेलं तेल कढईच्या एका भडक्याने पेट घेतं आणि मग ती आग आतल्या आत वर चढते, पोरांच्या हातात काही राहत नाही.

राहिलं ते, जे कोणाच्याच वाटणीत येत नाही. खरी घाण तिथेच सापडते. पहाटे गेलात की मोठा दिवा लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च ओट्याला समांतर, आडवा धरा. तेलाचा थर लगेच चमकतो. मग पांढरा टिश्यू घ्या आणि ओट्याच्या कडेच्या खालच्या बाजूने, शेगडीच्या नॉबमागून, नळाच्या चावीवरून, वजनकाट्याच्या बटणांवरून, फ्रिजच्या दाराच्या रबरातून आणि मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखालून ओढा. त्या टिश्यूचा फोटो काढा. भांडण करायला नाही, ताब्याच्या वहीला जोडायला. होय, वही ठेवा. जाणारा सही करतो, येणारा बघून सही करतो, आणि बघण्याआधी सही करायची नाही. आठवडाभरात बिर्याणीवाल्यांचा पोरगाच नॉब काढून धुवायला लागतो. उद्या टिश्यूवर आपलंच नाव येणार हे त्याला कळलेलं असतं.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नका. बिर्याणीवाले कच्चं चिकन ज्या सिंकमध्ये धुतात त्यातच तुम्ही सकाळी कोथिंबीर धुता का? धुवायचीच नाही. चिकन धुताना उडणारे शिंतोडे हात-दोन हात लांब जातात आणि साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू त्यातूनच फिरतात. दोन सिंक असतील तर एकावर रंगाने लिहून टाका. एकच असेल तर भाजीसाठी स्वतःचं मोठं पातेलं आणा आणि भाजी त्यातच धुवा, सिंकला लागू देऊ नका. आणि ओट्यावरून फ्रिजवर फिरणारं ते फडकं आधी कचऱ्यात टाका. स्वतःची फडकी रोज घरून आणा, रोज घरी नेऊन उकळा.

शेवटी परवान्याचं. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि त्याखालची नोंदणी किंवा परवाना तुमच्या स्वतःच्या नावाचा लागतो, किचन सामायिक असलं तरी. 2011 च्या नियमांचं परिशिष्ट 4 स्वच्छतेबद्दल आहे, ते एकदा वाचा. कामगारांची वर्षाला वैद्यकीय तपासणी, पेस्ट कंट्रोलच्या नोंदी, पिण्यायोग्य पाणी, सगळं त्यात आहे. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस तुमच्या वेळेत आला तर ‘हे रात्रीवाल्यांचं’ म्हणून तुम्ही सुटणार नाही.

प्रश्न : आमच्या किचनमध्ये पोरगा बादलीत अंदाजाने हायपो (जंतू मारायचं क्लोरिनचं औषध) ओततो, त्यात लिक्विड सोप आणि थोडं फिनेल टाकतो आणि त्याच पाण्याने सगळं धुतो. गिऱ्हाइकं म्हणतात इडलीला औषधाचा वास येतो. बंद करू का हायपो?
– इडली-डोसावाला, नाशिक

उत्तर : दादा, हायपो बंद करू नका, बादली बंद करा. त्या बादलीत तीन औषधं आहेत आणि त्यातलं एकही आपलं काम करत नाहीये.

पोरगा धुणं आणि जंतू मारणं ही दोन कामं एकत्र करतोय, सगळं तिथे बिघडतं. हायपोतलं क्लोरिन फार भोळं असतं, समोर पहिलं जे येईल त्यावर खर्च होतं. ओट्यावर तेल आणि पिठाचा थर असेल तर ते त्यावरच संपतं आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. म्हणून क्रम मोडायचा नाही : खरकटं खरवडून काढा, साबणाच्या गरम पाण्याने घासा, साध्या पाण्याने विसळा, मग हायपोचं पाणी लावा, दोन मिनिटं ओलं राहू द्या, आणि हवेवर वाळू द्या. शेवटी फडक्याने पुसलंत तर फडक्यावरचं सगळं परत त्यावर. क्वाट म्हणून गुलाबी-निळी सॅनिटायझर मिळतात त्यांचंही तसंच आहे. नेहमीच्या साबणाचा अंश राहिला तर क्वाट मरतं, म्हणून मधलं विसळणं टाळून चालत नाही.

आता माप. ओटा, चॉपिंग बोर्ड, स्टीलची भांडी यांना 200 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 200 भाग, पुरे. कॅनवर 4 टक्के लिहिलं असेल तर लिटरभर पाण्याला 5 मिली, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला 50 मिली. 10 टक्केवाला हायपो असेल तर लिटरला 2 मिलीच. औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण आणा आणि कॅनला दोऱ्याने बांधा. ‘अंदाज’ हा शब्द किचनमध्ये मिठापुरता ठेवू. क्लोरिन मोजायच्या कागदी पट्ट्याही मिळतात, त्या घ्याच, कारण हायपो उन्हात आणि उकाड्यात उतरत जातो. गच्चीवर तापलेला मे महिन्यातला कॅन दिवाळीत पाणीच असतो. पोरगा मग वास येईपर्यंत ओततो, आणि नवा कॅन आला तरी हाताची सवय तीच राहते. तुमच्या इडलीत वास तिथून शिरतोय, आणि फिनेलमधून. फिनेल किचनमध्ये आणूच नका, संडासात ठेवा. त्याचा वास वाफेबरोबर कशातही शिरतो.

आणि इडलीपात्राला हायपो लावताच कशाला? ते घासून, विसळून ठेवा. पुढच्या घाण्याला ते उकळत्या वाफेतच बसणार आहे, यापेक्षा चांगलं निर्जंतुकीकरण कोणतं? शिवाय तुमचं पात्र ॲल्युमिनियमचं असेल. हायपोने त्याला खळगे पडतात आणि खळग्यात पीठ अडकतं. याच कारणासाठी कॉस्टिकवाला डिग्रीझर (कॉस्टिक सोड्याचं, तेलकटपणा काढायचं औषध) हिंडालियमच्या कढयांना आणि ॲल्युमिनियमच्या जाळ्यांना लावू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, भांडं काळं पडतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. पेटत्या शेगडीशेजारी हा खेळ नको. हूडमध्ये तेल अडवणाऱ्या स्टीलच्या बॅफल फिल्टरला कॉस्टिक चालतं, हातमोजे आणि चष्मा घालून.

पोराला समोर बसवून एकच सांगा : हायपोत ॲसिड कधी नाही. संडास साफ करायचं ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरिन वायू होतो, आणि बंद मोरीत तो फुफ्फुसं जाळतो. अमोनियावाल्या काच-क्लीनरशीही त्याची गाठ घालायची नाही. हायपो आणि ॲसिडचे कॅन एका फळीवर ठेवू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर काहीच भरून ठेवू नका. कोणीतरी पितंच.

प्रश्न : दर महिन्याला फवारणी करतो, चार दिवस झुरळं दिसत नाहीत, मग परत. मोठी नाहीत, बारीक तपकिरी आहेत. शेजारच्या गाळ्यातला मोमोवाला म्हणतो आमच्याकडून त्याच्याकडे जातात.
– चायनीजचा गाडा सोडून किचन घेतलेला, ठाणे

उत्तर : मोमोवाला खरं बोलतोय. ही बारीक जात जर्मन झुरळं. गटारातून येणारी मोठी वेगळी. ही तुमच्या फ्रिजच्या मोटरमागे, दाराच्या रबरात, मिक्सरच्या बुडाखाली, गरम आणि चिंचोळ्या जागी राहतात. फवारा मारला की ती भिंतीतून पलीकडे जातात, पलीकडे मारला की परत येतात. मादी अंड्यांची पिशवी अंगावर वागवते, एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं, आणि पिशवीला फवारा लागत नाही.

सगळ्या गाळ्यांनी एकाच रात्री जेल, म्हणजे झुरळांनी खायचं विषारी आमिष, लावून घ्या. बिजागऱ्यांत, फटींत, मोटरच्या कप्प्यात बारीक ठिपके, अन्न लागेल तिथे नाही. जेल लावल्यावर त्यावर फवारा मारायचा नाही, नाहीतर झुरळं ते खातच नाहीत. पोरांनाही सांगा, ठिपके घासून काढू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण तोवर पिशव्यांतली पिल्लं बाहेर आलेली असतात. आणि सॉसचे खोके आत घेऊ नका. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरात बसून ती गोदामातून तुमच्याकडे येतात. बाटल्या दारात काढा, पुठ्ठा दारातूनच परत. कांद्याच्या गोणीचंही तेच.

प्रश्न : मी एगलेस केक करते, सामायिक किचनमध्ये. माझ्या आधीची मुलगी अंड्याचे केक आणि शेंगदाण्याची चिक्की करते. मी सगळं सॅनिटायझरने पुसते. गिऱ्हाइकांना ‘अंडं नाही, दाणे नाहीत’ असं सांगू शकते ना?
– दादर

उत्तर : ‘अंडं घातलेलं नाही’ असं सांगा. ‘अजिबात नाही’ असं सांगू नका, निदान आज तरी नाही.

सॅनिटायझर जंतू मारतो. दाण्याचं प्रथिन जिवंत नसतं, त्यामुळे मरतही नाही, ते जागेवरच राहतं. ते फक्त साबणाने घासून, भरपूर पाण्याने निघतं. ज्या मुलाला दाण्याची ॲलर्जी आहे त्याला चमच्याच्या टोकाचा अंशही पुरतो, आणि तिथे श्रद्धेचा प्रश्न नाही, श्वासाचा आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत शेंगदाणे आणि कवचाची फळं, अंडी, दूध, गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे आणि सल्फाइट यांची नावं लेबलवर द्यायला सांगितलीत. खोक्यावर तुमच्या केकमध्ये काय आहे ते लिहा, आणि याच किचनमध्ये दाणे व अंडी हाताळली जातात हेही लिहा.

व्हिस्क, चाळणी, स्पॅटुला, पायपिंग बॅगा स्वतःच्या, कुलपाच्या डब्यात. मोठा मिक्सर सामायिक असेल तर त्याचं डोकं खालून बघा. पात्याच्या दांड्यावर वाळलेलं अंडं हमखास सापडतं आणि तुमच्या बॅटरमध्ये तेच गळतं. जमलं तर तिच्याआधीची वेळ मागा. जैन डबे आणि उपासाचे पदार्थ करणाऱ्यांनाही मी हेच सांगते. दिवसाची पहिली पाळी त्यांची.

प्रश्न : मॅडम, मी एका फूड कोर्टात क्लीनिंगला आहे. खाली बेसमेंटला सगळ्या किचनची मिळून मोठी ग्रीसची टाकी आहे. तुंबली की सुपरवायझर आम्हाला दोर बांधून आत उतरवतो. पाचशे जास्त देतो. वास येतो पण चक्कर अजून आली नाही. मास्क म्हणून कापडी देतात. हे बरोबर आहे का?
– एक कामगार, पिंपरी

उत्तर : भाऊ, उतरू नकोस. हे छापून येईपर्यंत पुन्हा तुंबली तरी उतरू नकोस.

त्या टाकीत तेल आणि खरकटं कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा सुधारली. मग काही श्वासांत खेळ संपतो. कापडी मास्क वायू अडवत नाही. खालचा कोसळला की दोर धरलेला वरचा माणूस घाबरून खाली उतरतो आणि तोही तिथेच राहतो. बातम्या नीट वाचल्यास तर दिसेल, बऱ्याचदा एकामागोमाग दोघे-तिघे गेलेले असतात.

गटार आणि सेप्टिक टँक माणसाकडून धोकादायक रीतीने साफ करून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘तो स्वतःहून उतरला, पैसे घेतले’ हे उत्तर चालत नाही. गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना 30 लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं, आधी ते 10 लाख होते. तुझी टाकी ‘ग्रीसची’ आहे, गटार नाही, असा युक्तिवाद तुझा सुपरवायझर करेल. वायू तोच आहे, त्याला पाटी वाचता येत नाही. एकट्याने भांडू नकोस. सगळे मिळून लेखी द्या आणि त्याची प्रत मॉलच्या व्यवस्थापनालाही द्या. युनियन असेल तर तिलाही.

आता हे वाचणाऱ्या मालकांना. ती टाकी सक्शनच्या टँकरने बाहेरूनच उपसायची असते. खर्च वाचवायचा असेल तर टाकी भरतेच का ते बघा. ग्रीस ट्रॅप चालतो तो पाणी सावकाश जातं म्हणून : तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. तेल आणि गाळ मिळून पाव टाकी झाली की ट्रॅप काम थांबवतो, मग तेल सरळ पुढे. पोरं उकळतं पाणी आणि साबण ओतून ‘मोकळा’ करतात. त्याने तेल वितळून पुढच्या पाइपात जातं आणि थंड झालं की तिथे दगड होतं. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात 2017 मध्ये असा 250 मीटर लांब, सुमारे 130 टनांचा गोळा सापडला होता. प्रत्येक सिंकखाली छोटा ट्रॅप लावा, तो आठवड्याला उघडा, सिंकच्या जाळीतलं खरकटं दर पाळीला कचऱ्यात टाका. पातेलं धुण्याआधी कागदाने पुसलं तरी अर्धं तेल तिथेच थांबतं.

तळणाचं तेल तर मोरीत जाताच कामा नये. एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला 1 जुलै 2018 पासून मनाई आहे, आणि दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला नेणारे अधिकृत लोक आहेत. ते पैसे देऊन नेतात, तुम्ही पैसे देऊन टाकी उपसता. हिशोब तुमचा तुम्ही करा.

प्रश्न : सामायिक किचनमध्ये लाकडी पोळपाट-लाटणं चालेल का? मालकीणबाई प्लास्टिकचाच वापरा म्हणतात. माझ्या पोळ्या त्यावर सरकतात.
– कोल्हापूर

उत्तर : पोळपाट स्वतःचा असेल, भेग नसेल आणि त्यावर पोळीशिवाय काही पडत नसेल तर माझी हरकत नाही. मात्र तो किचनमध्ये ठेवू नका, रोज घरी न्या. सुऱ्याने कणीक खरवडा, काथ्याने घासा, गरम पाण्याने पटकन धुवा. भिजत मात्र घालू नका. मग उभा करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा दोन पाट आलटून पालटून वापरा. तडा गेला की त्यावर लाटणं बंद. मालकीणबाई तरीही ऐकत नसतील तर संगमरवरी पाट घ्या, पोळी सरकत नाही आणि त्यांचाही शब्द राहतो. जड आहे, ने-आण करू नका, तो तिथेच ठेवा आणि खाली रबर लावा.